माका म्हणून आणलेली एकदांडी

गेल्या श्रावणात आईने माक्याच्या तेलाची फर्माईश केली, तेव्हा त्या तेलापायी माझे दोन महिने जातील असे वाटले नव्हते. आईचे वय आता 82 आहे. केस पातळ झाले असले तरी दर रविवारी तेल लावून विंचरण्याचा तिचा नेम अजून चुकलेला नाही, आणि बाजारातल्या बाटलीतील तेलाला ‘नुसता वास आहे’ म्हणून ती हात लावत नाही. मी सोलापुरातील एका टॉवेलच्या कारखान्यात तीसेक वर्षे माल तपासण्याचे काम करून निवृत्त झालो. शाळा सुटल्यापासून वनस्पतिशास्त्राशी माझा काहीही संबंध आलेला नाही. तरीही रोज सकाळी मी विजापूर रस्त्याने संभाजी तलावाकडे, म्हणजे जुन्या लोकांच्या कंबर तलावाकडे, फिरायला जातो हे आईला ठाऊक असल्याने माका आणण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

माक्याची माझी ओळख लहानपणीच्या एका पुसट आठवणीपुरती होती: जमिनीलगत पसरणारी वनस्पती, समोरासमोर येणारी खरखरीत पाने आणि टोकाला एक छोटे फूल. तलावाच्या वाटेवर एका कुंपणाच्या भिंतीच्या पायाशी हुबेहूब तसेच काहीतरी दिसले. रोज बरोबर चालणाऱ्या एका गृहस्थांना विचारले, तर त्यांनी न थांबताच, “अहो, हाच की पिवळा माका,” असे सांगून टाकले. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की आणखी कोणाला विचारण्याचे मला सुचलेच नाही. मी पिशवी भरून पाला घरी आणला, धुतला, वाटला, फडक्यातून पिळून त्याचा रस काढला आणि खोबरेल तेलात घालून मंद आचेवर ठेवला. रसातील पाणी आटेपर्यंत तेल तडतडत राहते आणि ती तडतड थांबली की तेल झाले, एवढे मला लहानपणापासून पाहून माहीत होते. तासाभराने तडतड थांबली. तेलाला फिकट हिरवट रंग आला होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

आईने तेलात बोट बुडवून ते उजेडात धरले, वास घेतला आणि मला म्हणाली, “तुझे हात दाखव बघू.” मी हात पुढे केले. पाला वाटून आणि पिळून ते हिरवे झाले होते. “माका वाटला की हात काळे होतात, दोन दिवस निघत नाहीत. हा माका नव्हे रे,” असे म्हणून तिने उरलेल्या पाल्यातली एक काडी उचलली, तिचे फूल पाहिले आणि पुढच्या क्षणी निकाल दिला, “हा तर दगडी पाला आहे.”

त्याच संध्याकाळी शेजारच्या अक्का आल्या. त्यांचे घराणे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे आहे आणि आमच्या दोन्ही घरांत चटणी, भाजी आणि भाषा यांची देवाणघेवाण गेली चाळीस वर्षे चालू आहे. परातीतला पाला पाहून त्या म्हणाल्या, “ही गड्डी चामंती कशाला आणली?” गड्डी म्हणजे गवत आणि चामंती म्हणजे शेवंती, असे त्यांनीच समजावून सांगितले. रात्री फोनवर कोल्हापूरकडच्या मेहुण्यांना मी वर्णन ऐकवले, तर त्यांच्याकडे तिला कंबरमोडी म्हणतात असे कळले. म्हणजे एका दिवसात एकाच काडीला चार नावे मिळाली. त्यांपैकी एक चुकीचे आहे हे आईमुळे सिद्ध झाले होते. पण उरलेली तिन्ही एकाच वनस्पतीची आहेत की आणखी घोळ आहे, हे मला सांगता येईना. आयुष्यभर मी धागे मोजल्याशिवाय एकही टॉवेल पुढे जाऊ दिला नाही, आणि इथे मात्र कोणाच्या तरी बोलण्यावर विसंबून आईच्या डोक्यासाठी तेल केले होते. ही गोष्ट मनाला लागली.

कारखान्यात आमच्याकडे घडीचे एक छोटे भिंग असे, ज्याला आम्ही पिक ग्लास म्हणत असू. ते कापडावर ठेवायचे आणि एका इंचात ताण्याचे किती धागे आणि बाण्याचे किती, हे मोजायचे. निवृत्तीच्या दिवशी माझे भिंग मला घरी नेऊ दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंग, एक पोलादी पट्टी आणि वही घेऊन मी त्याच भिंतीपाशी जाऊन बसलो. येणारे-जाणारे बघत होते. एकाने काही हरवले का, असेही विचारले.

सर्वात आधी डोळ्यात भरते ते फुलाचे देठ. पसरलेल्या फांदीच्या टोकाला एकच दांडा सरळ वर येतो, त्यावर एकही पान नसते आणि त्याच्या शेंड्यावर एकच फूल असते. मी मोजलेले दांडे 14 ते 23 सेंटीमीटर भरले, म्हणजे जमिनीला लोळणाऱ्या एवढ्याशा झाडाच्या मानाने ते फारच उंच आहेत. एकदांडी हे नाव याच दांड्यावरून पडले हे मला नंतर कळले, आणि एखाद्या वनस्पतीला याहून नेमके नाव देता येईल असे मला वाटत नाही. खोडावर बारीक पांढरी लव असते. फांद्या जिथे जमिनीला टेकतात तिथे पेऱ्यांतून मुळे सुटतात, त्यामुळे झाड वरच्या वर ओढले तर अर्धे हातात येते आणि अर्धे तिथेच राहते. पाने समोरासमोर, तीन ते सहा सेंटीमीटर लांब, कडेला मोठे दाते असलेली आणि हाताला खरखरीत लागणारी असतात.

मग फूल भिंगाखाली धरले आणि पुढचा तासभर कसा गेला ते कळले नाही. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते खरे तर पुष्कळ फुलांचे एक टोपले आहे. मध्यभागी गडद पिवळ्या रंगाच्या बारीक नळ्या दाटीने उभ्या असतात आणि त्यांतील प्रत्येक नळी हे एक स्वतंत्र फूल असते. टॉवेलच्या कापडावर उभ्या राहिलेल्या फासांची दाटी ज्याने पाहिली आहे, त्याला ते दृश्य मुळीच अनोळखी वाटणार नाही. मी सुईच्या टोकाने बाजूला करत मोजले: एका टोपल्यात 46 नळ्या निघाल्या, दुसऱ्यात 52. कडेला फिकट पिवळ्या, जवळजवळ सायीच्या रंगाच्या पाकळ्या असतात. त्याही एकेक स्वतंत्र फूलच. बहुतेक ठिकाणी त्या पाच होत्या, क्वचित चार किंवा सहा. मात्र प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते होते. मी पंधरा फुले पाहिली, त्यांत हा नियम एकदाही मोडला नाही, आणि पाकळ्यांच्या संख्येपेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे असे मी वहीत लिहून ठेवले.

जुनी झालेली फुले म्हातारीच्या केसांसारखी फुलून गोल झाली होती. त्यांतील एक फळ काढून पाहिले, तर ते जेमतेम दोन मिलिमीटरचे, काळपट आणि लवदार होते, आणि त्याच्या डोक्यावर वीसेक केसांचा झुबका होता. भिंगातून पाहिल्यावर त्यातला प्रत्येक केस पिसासारखा दुतर्फा फुटलेला दिसला. भुईकोट किल्ल्याच्या तटात, दगडांच्या सांध्यात हीच वनस्पती कशी उगवते याचे कोडे मला त्या झुबक्याने उलगडून दिले. आईच्या दगडी पाल्याचे नावही अशाच जागांवरून पडले असावे, असा माझा कयास आहे.

आता खरा माका शोधणे भाग होते, कारण एक नमुना हाती असून तुलना होत नाही. आईने सांगितले होते, “पाय बुडतील तिथं बघ.” मी भिंत सोडून तलावाच्या काठाला, चिखलाच्या पट्ट्यात उतरलो आणि तिथे तो सापडला. लांबून दोघांची ठेवण सारखी वाटते, कारण पाने याचीही समोरासमोर आणि खरखरीत असतात. पण पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखे असते आणि दाते जवळजवळ दिसत नाहीत. फुलाचे देठ आखूड असते. टोपले एकदांडीच्या निम्मेच असते, पांढरे, आणि कडेच्या पाकळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या बारीक व असंख्य असतात. फळांवर केसांचा झुबका मुळीच नसतो. एकदांडी कोरड्या, तुडवलेल्या जमिनीवर वाढते, तर माक्याला ओल लागते, आणि सोलापुरासारख्या कोरड्या गावात पहिली पावलोपावली दिसावी व दुसऱ्यासाठी तलाव गाठावा लागावा यात नवल नाही.

घरी पांढऱ्या टॉवेलचे नमुन्याचे तुकडे पडलेले होते. एका तुकड्याच्या एका अर्ध्यावर मी माक्याचे खोड चुरडून घासले आणि दुसऱ्या अर्ध्यावर एकदांडीचे. सुरुवातीला दोन्ही डाग हिरवे होते. बघता बघता माक्याचा डाग निळसर काळा पडला, एकदांडीचा हिरवाच राहिला. तो तुकडा मी आईला दाखवला तेव्हा तिने, “हे सांगायला तुला टॉवेल खराब करायची काय गरज होती,” एवढेच म्हटले.

तरीही अधिकारी माणसाकडून शिक्कामोर्तब व्हावे म्हणून ओळखीच्या एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. जाण्यापूर्वी फोन केला, तेव्हा सरांनी नुसते फूल खुडून आणू नका, मूळ, खोड, पाने, फूल आणि फळ असे सगळे एकत्र आणा, असे बजावले. तसा नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून, वर जाड वह्यांचे वजन ठेवून आणि रोज कागद बदलून मी आठवडाभर वाळवला होता. पावसाळ्यात कागद बदलण्याचा कंटाळा केला की बुरशी येते. माझा पहिला नमुना असाच वाया गेला. सरांनी दुसरा नमुना पाहिला आणि भिंगसुद्धा न उचलता सांगितले, “ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मराठीत एकदांडी.” माझा तासाभराचा उद्योग त्यांनी दोन सेकंदांत उरकला, पण माझी वही मात्र त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचली.

त्यांच्याकडून कळलेल्या गोष्टींपैकी पहिली ही की माका, म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्रेटा, आणि एकदांडी दोन्ही सूर्यफुलाच्या कुलातील आहेत, आणि दोघींच्या शास्त्रीय नावांतील दुसरा शब्द लॅटिनमध्ये जमिनीवर आडवे पडणे याच अर्थाचा आहे. शेवंतीही याच कुलातली. म्हणजे अक्कांनी सांगितलेले ‘गवत-शेवंती’ हे नाव, चारही नावांत, शास्त्राच्या सर्वांत जवळचे निघाले. हे मी अक्कांना सांगितले तेव्हा त्यांनी त्यात काही विशेष आहे असे दाखवले नाही. पिवळा माका नावाची तिसरीच एक वनस्पती खरोखर आहे, तिची फुले पूर्ण पिवळी असतात आणि तीही ओलीत वाढते, हेही सरांनी सांगितले. माझ्या फिरायच्या सोबत्यांनी ते नाव कुठेतरी ऐकले असणार आणि पिवळट दिसणाऱ्या फुलाला चिकटवून दिले असणार.

दुसरी गोष्ट मात्र मला धक्का देणारी होती. एकदांडी मुळात आपली नाहीच. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची असून लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 मध्ये तिचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले. युरोपीय जहाजांची अमेरिकेशी ये-जा सुरू होण्यापूर्वी ती इथे असण्याचा संभव नाही, म्हणून चरक-सुश्रुतांच्या काळाशी तिचा संबंध जोडण्यात अर्थ नाही. माक्याला भृंगराज हे जुने संस्कृत नाव आहे. एकदांडीची नावे लोकांनी आपापल्या गावी, डोळ्यांना जे दिसले त्यावरून पाडलेली आहेत. मी थोडा हिरमुसलो हे सरांच्या लक्षात आले असावे. त्यांनी मला जेवायला थांबवले आणि ताटातल्या शेंगाचटणीकडे बोट दाखवून विचारले, “यातला शेंगदाणा कुठला आणि मिरची कुठली?” दोन्ही अमेरिकेतल्याच. सोलापूरची ओळख म्हणून आम्ही जी चटणी पाहुण्यांच्या हाती बांधून देतो, तिच्यातील लसूण, जिरे आणि मीठ सोडले तर उरते काय, याचा विचार करत मी भाकरी संपवली.

सरांनी जाताना एक इशाराही दिला. याच कुलातले गाजरगवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, तेही अमेरिकेतूनच आलेले आहे. त्याची भारतातील नोंद 1956 मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली आणि त्याच्या संपर्काने अनेकांना अंगावर खाज व पुरळ उठते. सोलापुरात ते प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर एकदांडीच्या शेजारीच उभे असते. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी खोल चिरलेली, खोडावर एकाआड एक येणारी असतात आणि फुलांचे पांढरे ठिपके झुपक्यांनी येतात. वेगळेपण ढळढळीत आहे. पण पिशवी भरण्याच्या घाईत मूठभर पाला एकदम उपटला तर दोन्ही हातात येऊ शकतात. माझ्या पहिल्या पिशवीत ते नव्हते, यात माझ्या काळजीचा वाटा काहीच नव्हता.

आता उपयोगांविषयी. आईचे माहेर मंगळवेढ्याकडचे, मालदांडी ज्वारीच्या मुलखातले. माघात ज्वारीची काढणी चाले तेव्हा ताटे उपटून आणि कणसे विळ्याने कापून बायकांच्या हातांना चिरा पडत, आणि बांधावरचा दगडी पाला तळहातावर चोळून त्याचा रस त्या चिरेवर पिळत. रक्त थांबले की पुन्हा कामाला लागायचे. आईच्या म्हणण्याप्रमाणे रस आधी झोंबतो आणि जितका झोंबेल तितका बरा. अक्कांची आठवण शहरातली, मागावरची आहे. त्यांचे सासरे हातमागावर बसत. कधी धोटा उसळून हाताला लागला, तर सासूबाई परसातून गड्डी चामंती आणून लावत. दोन बायका, दोन भाषा आणि दोन वेगळे धंदे असूनही उपयोग एकच निघावा, हे मला या साऱ्या शोधात सर्वात महत्त्वाचे वाटले. मला स्वतःला आठवतो तो उपयोग औषधाचा नाही. आम्ही शाळेत असताना दगडी पाटी काळीभोर करण्यासाठी हाच पाला कोळशाबरोबर चुरून तिच्यावर घासत असू. तो पाला म्हणजे हीच वनस्पती, हे बोटांना खरखर लागल्यावर आठवले.

सरांच्या सांगण्याप्रमाणे एकदांडीच्या पानांचा जखम भरण्यावर होणारा परिणाम भारतातील प्रयोगशाळांत उंदरांवर तपासला गेला आहे आणि त्यात तो अनुकूल दिसला आहे. मात्र उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसांच्या जखमेसाठीचा परवाना नव्हे, हे त्यांनी तीन वेळा सांगितले. मी एक प्रयोग न ठरवता केलाच. डब्याच्या पत्र्याने अंगठ्याला चिरले, तेव्हा धुतलेला पाला चुरून रस लावला. तो आईने म्हटल्याप्रमाणे झोंबला, रक्तही दोन-तीन मिनिटांत थांबले. पण तेवढी चीर नुसती दाबून धरली असती तरी रक्त थांबलेच असते, त्यामुळे श्रेय पाल्याला द्यावे की नाही हे मला ठरवता येत नाही. रस्त्याकडेची माती आणि जनावरांचे शेण लागलेला पाला उघड्या जखमेत घालण्यात धनुर्वाताचा धोका आहे, म्हणून संध्याकाळी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनही घेतले. आईला हे आवडले नाही.

भाद्रपदात तलावाच्या काठचा खरा माका आणून तेल पुन्हा केले. या वेळी माझे हात काळे झाले, तेल गडद काळपट हिरवे उतरले आणि ते आईने मुकाट्याने बाटलीत भरून घेतले. पहिले तेल फेकून देणे जिवावर आले, म्हणून ते मी दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना घालतो.

वाळवलेला नमुना सरांनी जाड कागदावर चिकटवायला लावला आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लिहायला सांगितली. ठिकाण, तारीख, जमीन कशी होती, फुलाचा रंग कोणता होता, कारण वाळल्यावर पिवळा रंग टिकत नाही. स्थानिक नावांच्या रकान्यात मी एकदांडी, दगडी पाला, कंबरमोडी आणि गड्डी चामंती ही चारही नावे, प्रत्येकापुढे ते कोणाकडून ऐकले हे कंसात टाकून लिहिली. पिवळा माका हे नाव लिहून त्यावर रेघ मारली आणि ती रेघ दिसेल अशीच ठेवली. उपयोगाच्या रकान्यापाशी मी बराच वेळ अडलो. शेवटी लिहिले: ‘ताज्या जखमेवर पानांचा रस, आई व अक्का यांच्या सांगण्यावरून. पाटी घासणे, स्वतः केलेले.’ चिठ्ठीचा कागद वाळण्यासाठी ओसरीवर ठेवला होता आणि शेजारी उरलेल्या काड्या होत्या. तेवढ्यात गल्लीतली एक शेळी येऊन त्या काड्या फुलांसकट खाऊन गेली. चिठ्ठी वाचली. तिच्यात मी आणखी एक ओळ वाढवली: ‘शेळी आवडीने खाते, स्वतः पाहिले.’